अस्तराच्या आत काय आहे? घरी शिवलेल्या पिशवीचा इतिहास कसा लिहायचा

संशोधनाचा विषय सांगितला की समोरून पहिला प्रश्न येतो, "साधनं काय आहेत?" इतिहासात साधन म्हणजे कागद, हे आपल्या डोक्यात बी.ए.पासून पक्कं बसलेलं असतं. दफ्तरं, गॅझेटियर, जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली, कुणाची तरी रोजनिशी. मग ज्या गोष्टीचा कागदच झाला नाही, तिचा इतिहास लिहायचा की नाही?

या लेखात अशी एकच गोष्ट घेऊ. घरी शिवलेली, दोन बंदांची, आतून अस्तर लावलेली कापडी पिशवी. दुकानात आज तिला 'टोट बॅग' म्हणतात. तुमच्या घरी ती बहुधा दाराआडच्या खिळ्याला लटकलेली असेल. ती कुणी शिवली, कशातून शिवली, का शिवली, हे कुठल्याही अभिलेखागारात सापडणार नाही. तरी तिचा इतिहास लिहिता येतो. तो कसा, आणि कुठे घसरायला होतं, ते बघू.

सुरुवात नावापासून

अमेरिकन इंग्रजीत 'टोट' म्हणजे वाहून नेणं. एल. एल. बीन या कंपनीने १९४४ मध्ये बर्फाच्या लाद्या वाहायला जाड कॅनव्हासची पिशवी काढली आणि १९६५ मध्ये तीच नव्या नावाने पुन्हा बाजारात आणली. आजच्या टोट बॅगची गोष्ट सांगताना बहुतेक लोक इथूनच सुरुवात करतात. आपण तशी केली तर काय होतं? आपल्या आजीची पिशवी एका अमेरिकन वस्तूची नक्कल ठरते. वस्तूला आज जे नाव आहे, त्या नावाचा इतिहास म्हणजे वस्तूचा इतिहास नव्हे. हा पहिला सापळा.

मराठीत या कुटुंबातली नावं मोजा: पिशवी, थैली, बटवा, कसा, चंची, झोळी, पडशी, शबनम. प्रत्येक नावामागे वेगळी बांधणी आहे. बटव्याला नेफा आणि नाडी लागते. चंचीला कप्पे असतात आणि ती गुंडाळून बांधतात. झोळीला शिवण नसली तरी चालतं, गाठ पुरते. पडशी खांद्यावर दोन्ही बाजूंना सारखी लोंबते. पिशवीला मात्र तळ लागतो, तोंड लागतं आणि हातात धरायला बंद लागतात. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची. संशोधनाच्या पहिल्या आठवड्यात ही सगळी नावं घेऊन कोशासमोर बसा. कोणतं नाव आहे, कोणतं नाही, अर्थ कसा दिलाय, याची यादी करा. साधन नाही म्हणणाऱ्याला हे पहिलं उत्तर.

कोड ९३

आता मुद्द्याचं. ही पिशवी कागदावर का येत नाही?

आपल्याकडे रोजगाराची जी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणं होतात, त्यात प्रत्येक माणसाच्या कामाला एक कोड दिला जातो. स्वतःचा छोटा व्यवसाय करणाऱ्याला ११. फक्त घरकाम करणारीला ९२. आणि घरकाम करून शिवाय भाजीपाला, सरपण गोळा करणं, घरच्या वापरासाठी शिवण-टिपण, विणकाम असं काही करणारीला ९३. आता गंमत बघा. एकच बाई, एकच मशीन, एकच पिशवी. हा तिचा विकायचा व्यवसाय असेल तर कोड ११, म्हणजे ती 'कामगार'. तीच पिशवी घरी वापरायची असेल तर कोड ९३, म्हणजे ती श्रमशक्तीच्या बाहेर. पिशवीत काही फरक नाही. वेळ तेवढाच लागला, टाके तेवढेच पडले.

संयुक्त राष्ट्रांच्या राष्ट्रीय हिशेबपद्धतीत घरच्या वापरासाठी बनवलेल्या वस्तूसुद्धा उत्पादनात धराव्यात असं तत्त्व आहे. स्वयंपाक, झाडलोट यांसारख्या सेवा त्यात येत नाहीत, पण शिवलेला कपडा ही वस्तू आहे, म्हणून ती येते. आपल्या रोजगार सर्वेक्षणाने मात्र ही रेघ वेगळीकडे ओढली. एक लक्षात घ्या, ९३ हा कोड अस्तित्वात आहे म्हणजे ही बाई शिवते हे मोजणाऱ्याला माहीत आहे. माहीत असूनही तिला कामाच्या खान्यात घ्यायचं नाही, असं ठरवलं गेलं आहे. अज्ञान आणि निर्णय यांत फरक करायला शिका. संशोधनात बऱ्याचदा आपला विषय याच फरकात सापडतो. २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणाने माणूस दिवसाचे तास कशात घालवतो हे विचारलं, आणि स्वतःच्या वापरासाठी वस्तू बनवण्याच्या वेळेला तिथे स्वतंत्र वर्ग मिळाला. तुम्ही अर्थशास्त्राच्या बाजूने येत असाल तर ही दोन सर्वेक्षणं शेजारी ठेवून वाचा.

शिवून बघा

वस्तू वाचायची एक शिस्त असते. जूल्स प्राउन या अमेरिकन कला-इतिहासकाराने १९८२ च्या एका निबंधात तीन पायऱ्या सांगितल्या: आधी फक्त वर्णन, मग वस्तूशी आपला जो संबंध येतो त्यावरून निष्कर्ष, आणि शेवटी तर्क. क्रम मोडायचा नाही. "ही गरिबीतून शिवलेली पिशवी आहे" हा तर्क आहे, वर्णन नव्हे. "तळाला तीन वेगळ्या कापडांचे तुकडे जोडलेत" हे वर्णन.

पण वर्णन करायला काय बघायचं हे कळायला हवं, आणि ते शिवल्याशिवाय कळत नाही. म्हणून माझा सल्ला सरळ आहे. एक पिशवी स्वतः शिवा. मशीन नसेल तर हाताने, उलट टीप घालून. साहित्य फार नाही.

बाहेरच्या कापडाचे ४० बाय ४५ सेंटिमीटरचे दोन तुकडे, अस्तराचे तेवढेच दोन, बंदांसाठी साधारण ६५ बाय १० च्या दोन पट्ट्या. पट्टी लांबीत मध्यावर दुमडा, दोन्ही कडा मध्याकडे आत घ्या, पुन्हा दुमडा. चार पदरी बंद झाला. दोन्ही कडांनी टीप मारा. बाहेरच्या कापडाची सुलटी बाजू सुलटीवर ठेवून तीन बाजू शिवा. तळाला रुंदी हवी असेल तर खालचा कोपरा चिमटीत धरा, बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर आणा आणि टोकापासून ४ सेंटिमीटर आत आडवी टीप घाला. पिशवीला ८ सेंटिमीटरचा तळ मिळतो. अस्तरालाही हेच सगळं.

इथपर्यंत एकच रस्ता आहे. अस्तर आणि बाहेरचं कापड एकमेकांना जोडायचं कसं, इथे तीन रस्ते फुटतात, आणि संशोधकाचं काम इथे सुरू होतं.

पहिला रस्ता: सुरुवातीपासूनच दोन्ही कापडं एकावर एक ठेवून एकच कापड असल्यासारखी शिवायची. लवकर होतं, पण आतल्या कडा उघड्या राहतात. त्या झाकायला वरून पट्टी लावावी लागते, नाहीतर धागे सुटतात.

दुसरा: बाहेरची पिशवी आणि अस्तराची पिशवी वेगवेगळ्या शिवायच्या, अस्तर आत सोडायचं, दोघांच्या तोंडाच्या कडा आत मुडपून, मध्ये बंद घालून वरून टीप मारायची.

तिसरा: अस्तराच्या तळाला हात जाईल एवढी, १२-१५ सेंटिमीटरची फट ठेवायची. सुलटी केलेली बाहेरची पिशवी उलट्या अस्तरात घालायची, म्हणजे सुलट्या बाजू समोरासमोर येतात. बंद मधोमध ठेवून तोंडाभोवती शिवायचं आणि सगळी पिशवी त्या फटीतून उलथवून बाहेर काढायची. मग फट हाताने बंद करायची.

आता कुठलीही जुनी पिशवी हातात घेतली की तिचं अस्तर बाहेर ओढा आणि तळ बघा. हाताच्या टाक्यांनी बंद केलेली फट दिसली तर तिसरा रस्ता. ही पद्धत कापड हातात घेऊन सहज सुचण्यातली नाही. कुणीतरी दाखवावी लागते: शिवणक्लास, मासिकातली कृती, शेजारीण, आता व्हिडिओ. म्हणजे त्या फटीतून एक प्रश्न निघाला. ही बाई कुणाकडून शिकली? पहिल्या रस्त्याची पिशवी असेल तर प्रश्न बदलतो. कडा पट्टीने झाकल्यात का? झाकल्या असतील तर ती पट्टी तिरप्या धाग्यात कापलीय की सरळ? तिरपी पट्टी कापड जास्त खाते. ती कापली असेल तर कापडाची फार टंचाई नव्हती, किंवा सफाईला कापडापेक्षा जास्त किंमत होती. दोन्ही शक्यता लिहून ठेवा. लगेच एक निवडू नका.

टाकेही बोलतात. मशीनच्या दुहेरी धाग्याच्या टिपेला दोन्ही बाजूंनी सारखी रेघ दिसते. हाताच्या उलट टिपेला वरून रेघ सलग दिसते, पण मागून टाके एकमेकांवर चढलेले दिसतात. बंदांच्या टोकाला चौकोन आणि त्यात फुली मारलेली असेल तर शिवणारीला ओझं कुठे येतं ते माहीत होतं. अस्तराचा मोठा फायदाही इथेच आहे. बंदाची टोकं दोन कापडांच्या मध्ये अडकतात, ताण एकाच कापडावर येत नाही, आणि आतलं धान्य, भाजी, किल्ल्या शिवणीच्या कडांना घासत नाहीत. अस्तर शोभेसाठी असतं असं जे लिहितात, त्यांनी पाच किलो कांदे वाहिलेले नसतात.

काळ कसा ठरवायचा

तारीख लिहिलेली नाही, मग काळ कसा सांगणार? पुरातत्त्ववाले वापरतात ती युक्ती इथेही चालते: वस्तूतला सगळ्यात नवा घटक शोधा. पिशवी त्याच्या आधीची असू शकत नाही.

बाहेरचं कापड टेरिकॉटच्या पँटचं असेल तर पिशवी १९६० च्या दशकाआधीची धरू नका, कारण टेरिलीन, टेरिकॉट आपल्या घरांत शिरलं तेच त्या सुमारास. अस्तर एखाद्या कापड दुकानाच्या छापील पिशवीचं असेल तर पत्ता वाचा. पिन कोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. पत्त्यात नुसतं 'मुंबई २८' आहे की '४०० ०२८' आहे? सहा आकडी पिन असेल तर छपाई १९७२ नंतरची, आणि पिशवी छपाईच्याही नंतरची. उलट दिशेने मात्र हे चालत नाही. जुन्या पद्धतीचा पत्ता दिसला म्हणून ती १९७२ आधीची ठरत नाही, लोक जुनी सवय सोडत नाहीत.

असे फसवे पुरावे बरेच. इंग्रजीत 'बॉम्बे'चं 'मुंबई' १९९५ मध्ये झालं, पण मराठी मजकुरात आधीपासून 'मुंबई'च होतं, त्यामुळे मराठी छपाईवर हा पुरावा लागू नाही. मापं इंचात गोल आकड्यात येतात म्हणून पिशवी दशमान पद्धतीच्या आधीची, असंही म्हणू नका. शिंप्याकडे आजही टेप इंचातच बोलतो. आणि धागा सुती की पॉलिएस्टर हे जाळून कळतं. सुती धागा कागदासारख्या वासाने जळून मऊ राख होते, पॉलिएस्टर वितळून टणक गोळी होते. पण दुसऱ्याच्या पिशवीचा धागा जाळायचा नाही. फक्त आधीच सुटून पडलेला तुकडा, तोही विचारून.

मशीन घरात कुणाच्या

आता वस्तूकडून संदर्भाकडे. शिवणयंत्राबद्दल एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. गांधीजी यंत्रांच्या विरोधात, पण शिवणयंत्राला त्यांनी अपवाद केलं. नोव्हेंबर १९२४ मध्ये 'यंग इंडिया'त आलेल्या जी. रामचंद्रन यांच्याशी झालेल्या संवादात त्यांनी सिंगर मशीनचं उदाहरण दिलं. त्यांचं म्हणणं असं की सिंगरने बायकोला हाताने शिवताना थकलेलं पाहिलं आणि तिच्यावरच्या प्रेमापोटी हे यंत्र बनवलं.

कागद काय सांगतो? एलियास होवचं पेटंट १८४६ चं. आयझॅक सिंगर १८५० मध्ये बोस्टनमधल्या ऑर्सन फेल्प्सच्या कारखान्यात होता, तिथे दुरुस्तीला येणारी दुसऱ्याच कुणाची मशीनं त्याने पाहिली, त्यांत सुधारणा केली आणि १८५१ मध्ये स्वतःचं पेटंट मिळवलं. म्हणजे प्रेमाच्या गोष्टीला आधार नाही. "गांधीजींची माहिती चुकीची" असं लिहून इथेच थांबलात, तर मात्र हातातलं चांगलं साधन वाया घालवलंत. ही गोष्ट सिंगरबद्दल काही सांगत नसली तरी १९२४ बद्दल खूप सांगते. ज्याला यंत्रयुगात एक निर्दोष यंत्र हवं होतं, त्याला ते घरात, बायकोच्या हातात सापडलं. शिवणयंत्र 'घरगुती' आहे, मायेचं आहे, ही कल्पना तेव्हा किती मुरलेली होती, याचा हा पुरावा.

प्रत्यक्षात ते घरात किती होतं? डेव्हिड अर्नोल्ड यांनी भारतातल्या शिवणयंत्र, सायकल, टाइपरायटर अशा रोजच्या यंत्रांवर २०१३ मध्ये 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' हे पुस्तक लिहिलं. ते जरूर वाचा. त्यांनी दाखवलंय की कंपनीच्या डोळ्यांसमोर गृहिणी होती, पण भारतात मशीन आधी जाऊन बसलं ते शिंप्याच्या ओट्यावर. कारणं साधी. लुगडं, धोतर यांना शिवण लागत नाही, आणि मशीनची किंमत सामान्य घराला झेपणारी नव्हती. १९३० च्या दशकात कलकत्त्यात जय इंजिनिअरिंग वर्क्सने 'उषा' मशीन काढलं. स्वातंत्र्यानंतर देशी मशीनं वाढली आणि मध्यमवर्गीय घरांत पायमशीन दिसू लागलं. म्हणजे "आजी मशीनवर पिशव्या शिवायची" हे वाक्य लिहिताना कोणती आजी, कोणत्या गावातली, कोणत्या जातवर्गातली, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मशीन नसलेल्या आजीनेही पिशव्या शिवल्या, सुईने. त्या कमी टिकल्या म्हणून आज कमी दिसतात. हातात आलेल्या वस्तू या उरलेल्या वस्तू असतात, सगळ्या नव्हेत.

शिवण शिकवणाऱ्या संस्थांचा कागद मात्र आहे. रमाबाई रानड्यांनी उभ्या केलेल्या पुण्याच्या सेवासदनात शिवणकामाचे वर्ग होते. विधवा, परित्यक्ता, कमी शिकलेल्या बायका यांना चार पैसे मिळावेत हा हेतू. १९३० मध्ये किर्लोस्करांचं 'स्त्री' मासिक निघालं. वर्धा परिषदेनंतर १९३७ पासून बुनियादी शिक्षणाची चर्चा सुरू झाली आणि पुढे कोठारी आयोगाच्या (१९६४-६६) शिफारशीतून 'कार्यानुभव' शाळेत आला. कापून-शिवून काहीतरी बनवणं हे अनेकींचं पहिलं काम या वर्गांत झालं. अहवाल, अभ्यासक्रम, प्रश्नपत्रिका हे सगळं शोधता येतं. वाचताना एकच गोष्ट टिपा: शिवण कशासाठी शिकवतोय असं लिहिलंय? पोटासाठी, की गृहकृत्यदक्ष होण्यासाठी? रोझिका पार्कर यांच्या 'द सबव्हर्सिव्ह स्टिच' (१९८४) या पुस्तकाचा धागा हाच आहे. इंग्लंडमध्ये सुईकाम मुलींना 'बाईपण' शिकवायला वापरलं गेलं, आणि बायकांनी तीच सुई स्वतःचं काही म्हणायला वापरली. त्यांचा निष्कर्ष उचलून इथे चिकटवू नका, प्रश्न उचला.

कापड आलं कुठून

ही बाजू मराठीत जास्त समृद्ध आहे, कारण भाषेनेच ती जपलीय. वापरून जुनं झालेलं लुगडं म्हणजे जुनेर. मधोमध विरलं की ते फाडून चांगले भाग जोडायचे, त्याला दंड घालणं म्हणतात. त्यापुढे बाळाची दुपटी, गोधडीचे थर, पिशवी, पायपुसणं आणि शेवटी पोतेरं. ही उतरंड एकदा डोक्यात बसली की पिशवी म्हणजे एक निर्णय आहे हे कळतं. त्या लुगड्याचं दुसरंही काही होऊ शकलं असतं. बोहारीण दारात आली असती तर जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडं मिळालं असतं. मग हे कापड भांड्यात न जाता पिशवीत का गेलं? फार विरलं होतं म्हणून, काठ आवडता होता म्हणून, की पिशवीची निकड होती म्हणून?

निकडीचा एक कालखंड तर ठळक आहे. मे १९४३ मध्ये मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं आणि त्याच वर्षी कापडावरही नियंत्रण आलं. म्हणजे धान्य आणायला घरची पिशवी हवी, आणि पिशवीला कापड मिळणं अवघड. एकाच घरात या दोन गोष्टी कशा जुळवल्या गेल्या, यावर एक अख्खा प्रबंध होऊ शकतो. त्या पिढीतल्या बायका आता नव्वदीच्या पुढे आहेत, तेव्हा हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

मुलाखतीला गेलात तर "तुम्ही पिशव्या शिवायचात का?" असं विचारू नका. उत्तर येईल, "हो, शिवायचो की, त्यात काय एवढं?" आणि विषय संपेल. त्याऐवजी म्हणा, "आजी, लुगडं जुनं झालं की त्याचं काय काय व्हायचं?" किंवा "बोहारणीला काय द्यायचात आणि काय ठेवायचात?" ज्याला ती 'काम' मानतच नाही, ते तिच्याकडून कामाच्या शब्दात निघणार नाही. कोड ९३ इथेही आहे, फक्त आता तो तिच्याच तोंडी आहे. आणि पिशवी मागून नेऊ नका. फोटो काढा, मापं घ्या, परवानगी लिहून घ्या आणि जागच्या जागी परत लटकवा.

सात हजार शंभर वेळा

शेवटचा भाग आजचा. प्लॅस्टिकच्या एकसंध बंदवाल्या पिशवीचं अमेरिकन पेटंट १९६५ मध्ये स्वीडनच्या सेलोप्लास्ट कंपनीला मिळालं, रचना स्टेन गुस्ताफ थुलिन यांची. आपल्याकडे ती पसरली आणि घरच्या पिशवीची जागा खिळ्यावरून माळ्यावर गेली. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तुंबलेल्या गटारांचा दोष प्लॅस्टिककडेही गेला. महाराष्ट्राची व्यापक प्लॅस्टिकबंदी मार्च २०१८ ची. कापडी पिशवी परत आली, पण नव्या कापडाची, दुकानाचं नाव छापलेली.

याच सुमारास एक आकडा फिरू लागला. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याच्या २०१८ च्या अभ्यासानुसार साधी सुती पिशवी सगळ्या पर्यावरणीय निकषांवर प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायला ७१०० वेळा वापरावी लागते. फक्त हवामानबदलाचा निकष धरला तर ५२ वेळा. ब्रिटनच्या २०११ च्या अभ्यासात तापमानवाढीच्या निकषावर १३१ वेळा. तिन्ही आकडे खरे, आणि त्यांच्यातली तफावत बघूनच कळतं की 'किती वेळा' याचं उत्तर 'कोणत्या निकषावर' यावर अवलंबून आहे. आकडा उद्धृत करताना निकष सोडून दिला तर तो आकडा निरुपयोगी.

पण आपल्या कामाचा मुद्दा वेगळा. हे सगळे हिशेब नव्या कापसापासून, नव्या कापडापासून सुरू होतात. जुनेराच्या पिशवीचा त्यात खानाच नाही. तिच्या कापसाचं पाणी, रंग, वीज यांची किंमत लुगडं असतानाच वळती झालेली आहे. म्हणून ७१०० हा आकडा दाखवून "कापडी पिशव्या म्हणजे ढोंग" म्हणणारा चुकतो, आणि "आपल्या आजीला सगळं आधीच कळलं होतं" म्हणणाराही चुकतो. आजी पृथ्वी वाचवत नव्हती, कापड वाचवत होती. शिवाय त्या पिशवीत तिची दुपार गेली होती. ती दुपार रोजगार सर्वेक्षणात नाही आणि पर्यावरणाच्या हिशेबातही नाही. जुन्या वस्तूंचं कौतुक करताना ती फुकट धरण्याची आपल्याला फार सवय आहे.

मग विषय कसा मांडायचा

'महाराष्ट्रातील कापडी पिशवीचा इतिहास' हा प्रबंधाचा विषय होत नाही, तो फार मोठा आहे. आटोपशीर प्रश्न असे असतात: १९४३ ते १९५० या काळात मुंबईच्या चाळींत घरगुती शिवण आणि रेशनिंग यांचा संबंध काय होता? शालेय 'कार्यानुभवा'त मुलींना आणि मुलग्यांना वेगवेगळं काय शिकवलं गेलं? २०१८ नंतर पिशव्या शिवणाऱ्या एखाद्या बचत गटातल्या बायका घरची शिवण आणि ऑर्डरची शिवण यांत फरक कसा करतात, आणि ११ व ९३ मधली रेघ त्यांच्या दिवसात नेमकी कुठे पडते? प्रत्येक प्रश्नात काळ आहे, जागा आहे आणि शोधता येईल असं साधन आहे.

या आठवड्यात एवढंच करा. घरातली, नाहीतर शेजारच्या काकूंकडची एक पिशवी घ्या, अस्तर बाहेर काढा आणि एक पान फक्त वर्णन लिहा. तर्क नको, भावना नको. लांबी, रुंदी, तुकडे किती, टाका कोणता, फट आहे की नाही, जुन्या शिवणीची सुईची भोकं कुठे दिसतात, काठ कुठल्या बाजूला ठेवलाय. दुसऱ्या पानावर त्यातून निघालेले दहा प्रश्न लिहा. त्यातले चार-पाच प्रश्न कापडालाच विचारता येतील, बाकीच्यांसाठी ती शिवणारीकडे किंवा तिला ओळखणाऱ्या कुणाकडे जावं लागेल. जाताना वही घेऊन जा, आणि दुपारी जा. शिवणाचं काम निघतं ते बहुधा तेव्हाच.